रक्त परततं, तेव्हाही हृदय होरपळतं

अणशी, उळवी, कुंभारवाडा. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या अशा गावांतून हार्ट अटॅक आलेल्या रुग्णाने अँजिओप्लास्टीपर्यंत पोचायचं म्हणजे बेळगाव, हुबळी नाहीतर घाट उतरून गोवा. या वाटेवर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो, हे आता बरेच जण जाणतात. पण हृदयाची वाहिनी अडवणारी गुठळी फुटून रक्त पुन्हा वाहू लागलं, की त्या क्षणीही काही पेशी मरतात! १९६०मध्ये रॉबर्ट जेनिंग्स यांच्या चमूने कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे टिपलं. प्राण्यांवरच्या अभ्यासांवरून शास्त्रज्ञ म्हणतात, की अखेरच्या नुकसानीत परतणाऱ्या रक्ताचा वाटा निम्म्यापर्यंत असू शकतो.

काळी नदीवरचं १०१ मीटर उंच सुपा धरण डोळ्यांसमोर आणा. कोरड्या पात्रात सगळे दरवाजे एकदम उघडले, तर काठ टिकतील? उपाशी पेशीत आम्ल साचलेलं असतं, आणि गंमत म्हणजे तेच तिला थोडं सांभाळत असतं. रक्त येताच आम्ल धुऊन जातं, कॅल्शियम भसाभस आत शिरतं, मायटोकाँड्रियाची छिद्रं उघडतात आणि पेशीचं ऊर्जाघरच फुगून फुटतं.

म्हणून वाहिनी बंदच ठेवावी का? मुळीच नाही. मग तो सगळाच भाग हातचा जातो.

१९८६चा शोध माझा सर्वांत लाडका. कुत्र्याची रक्तवाहिनी आधी पाच-पाच मिनिटं, अशी चार वेळा बंद करून सोडली. मग सलग ४० मिनिटं बंद ठेवली. मेलेला स्नायू नेहमीच्या जेमतेम चौथा हिस्सा! छोट्या त्रासाने हृदय मोठ्या त्रासासाठी तयार झालं होतं. पुढे कळलं, की हा सराव दंडाला दिला तरी चालतो. बीपीचा पट्टा फुगवायचा, सोडायचा, पुन्हा फुगवायचा. किती स्वस्त, किती सोपं! पण २०१९मध्ये चार युरोपीय देशांतल्या पाच हजारांहून अधिक अटॅकच्या रुग्णांवर तपासलं, तर वर्षभरानंतर काहीच फरक दिसला नाही. मन खट्टू होतं खरं.

गुठळी विरघळली, की ईसीजीवर ठोके अचानक वेडेवाकडे उमटू शकतात. घरच्यांचा जीव वरखाली होतो. डॉक्टरांना मात्र तो बहुधा वाहिनी उघडल्याचा इशारा वाटतो.

प्रत्यारोपणात तर हे संकट तासांच्या हिशेबाने येतं. काढलेलं हृदय थंडाव्यात साधारण चार तास टिकतं, मग नव्या छातीत रक्त एकदम परततं. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. त्या वर्षानंतर थेट ऑगस्ट २०१५मध्ये पुण्यातलं हृदय मुलुंडच्या रुग्णालयात आणलं गेलं, तेव्हा कुठे मुंबईत पुन्हा हृदय प्रत्यारोपण झालं.

जोयड्यासारख्या तालुक्यांना मोलाचं वाटावं असं पाऊल कर्नाटकाने उचललंय: अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाची हृदयज्योती योजना. २०२१मध्ये, अवघ्या ४६व्या वर्षी, हृदयविकारानेच ते गेले. या योजनेतल्या तालुका रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाला दाखवायचा आणि टेनेक्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन फुकट द्यायचं. वजनानुसार मात्रा, एकाच टोचणीत. अँजिओग्राफीसाठी लांबचा रस्ता मग धरायचा.