विश्लेषण : वेदनाशामक गोळीचा कारखाना ‘हरित’ कसा झाला?

अंगदुखी, दाढदुखी किंवा तापावरची आयब्युप्रोफेनची गोळी अनेक घरांतल्या औषधांच्या डब्यात असते. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला हेच औषध असते. ही गोळी तयार होताना कारखान्यात मागे काय उरते, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. पण ‘पर्यावरणपूरक रसायननिर्मिती’ आणि ‘पुन्हा वापरता येणारे उत्प्रेरक’ हे शब्द समजून घ्यायचे, तर या गोळीइतके सोपे उदाहरण नाही.

जुन्या पद्धतीत अडचण काय होती?

आयब्युप्रोफेन शोधले ते १९६०च्या दशकात, ब्रिटनच्या बूट्स कंपनीतील स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स आणि जॉन निकोल्सन यांनी. (आदल्या रात्रीच्या मद्यपानाने चढलेली डोकेदुखी भाषणाआधी उतरावी म्हणून अ‍ॅडम्स यांनी ते स्वतःवरच वापरून पाहिले होते.) बूट्सच्या मूळ पद्धतीत आयसोब्युटिलबेन्झीनपासून औषधापर्यंत सहा पायऱ्या होत्या. अभिक्रियांमध्ये लागणारी रसायने १०० किलो धरली, तर त्यातील जेमतेम ४० किलो औषधात उतरत. उरलेले ६० किलो टाकाऊ. या हिशेबाला ‘अणूंची काटकसर’ म्हणतात. ही कल्पना १९९१ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी मांडली.

हा हिशेबही कागदावरचाच. त्यात द्रावके आणि धुण्याचे पाणी धरलेले नसते. ते धरून रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडलेले गणित सांगते, की औषध उद्योगात एक किलो मालामागे २५ ते १०० किलो, कधी त्याहूनही अधिक कचरा निघतो.

बूट्सच्या पद्धतीत पहिल्याच पायरीला अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड लागे. पुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणतात. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेला वेग देऊन स्वतः न संपणारा पदार्थ. इथे मात्र तो तयार झालेल्या मालालाच घट्ट चिकटून बसतो, म्हणून चिमूटभर नव्हे, मालाच्या बरोबरीने घालावा लागतो. मग तो सोडवायला पाणी ओतायचे, की अ‍ॅल्युमिनियमचा गाळ आणि आम्लयुक्त सांडपाणी शिल्लक. उत्प्रेरक गेला तो गेलाच. तारापूर, महाड, लोटे-परशुरामच्या सामायिक सांडपाणी केंद्रांविषयीच्या बातम्या वाचणाऱ्यांना अशा सांडपाण्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

तीन पायऱ्यांत काय बदलले?

बूट्स आणि हेक्स्ट सेलनीज यांच्या संयुक्त कंपनीने १९९२ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील बिशप येथे नवा कारखाना सुरू केला. सहाच्या तीन पायऱ्या झाल्या. पहिलीत अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या जागी हायड्रोजन फ्लोराइड आले. तेच उत्प्रेरक आणि तेच द्रावक. ते साधारण १९.५ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे काम झाल्यावर ऊर्ध्वपातनाने वेगळे करून पुन्हा वापरता येते. दुसऱ्या पायरीत फक्त हायड्रोजन जोडला जातो, तिसरीत फक्त कार्बन मोनॉक्साइड. जे घातले ते मालातच जाते. या दोन्हींतील धातूंचे उत्प्रेरकही परत मिळवून वापरले जातात. अणूंची काटकसर ४० वरून ७७ टक्क्यांवर गेली. पहिल्या पायरीत निघणारे अ‍ॅसेटिक आम्ल विकण्याजोगे असल्याने तेही धरले तर ९९ टक्क्यांवर. १९९७ मध्ये या पद्धतीला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षीय हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला.

मग हायड्रोजन फ्लोराइड निर्धोक आहे का?

अजिबात नाही. ते त्वचेतून आत शिरते, रक्तातील कॅल्शियम खेचून घेते आणि श्वासावाटे गेल्यास जीवघेणे ठरते. २०१२ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे त्याची गळती होऊन पाच कामगारांचा मृत्यू झाला. ज्या गुणामुळे ते सहज परत मिळते, त्याच गुणामुळे ते सहज हवेतही पसरते. म्हणजे बिशपमध्ये कचरा घटला, पण धोका टाकीत कोंडून ठेवावा लागला. पुरस्काराच्या बातमीत ही बाजू सहसा येत नाही. म्हणूनच घन आम्लांवर, विशेषतः झिओलाइटसारख्या सच्छिद्र खनिजांवर संशोधन सुरू आहे. चहात विरघळलेली साखर परत काढता येत नाही, ठेचलेले आले मात्र गाळणीत राहते. घन उत्प्रेरकाचा फायदा एवढाच सरळ आहे.

‘पाच वेळा वापरला’ याचा अर्थ काय?

शोधनिबंधांत हे वाक्य हमखास असते. लोहचुंबकाने ओढून काढता येणाऱ्या, आयर्न ऑक्साइडच्या कणांवर बसवलेल्या उत्प्रेरकांबद्दल तर फारच. पण तासाभरात संपणाऱ्या कामावर दहा माणसे सहा तास लावली आणि त्यातली पाच झोपली, तरी संध्याकाळी काम पूर्णच दिसते. प्रयोगही तसाच जास्त वेळ चालवला, तर अर्धा उत्प्रेरक निकामी झाला तरी पाचव्या फेरीला ९५ टक्के उत्पादन दिसू शकते. खरे काय ते अभिक्रिया अर्ध्यावर असताना वेग मोजला तरच कळते.

दुसरा प्रश्न धातू झिरपण्याचा. गाळणीत राहिलेल्या भुकटीतून थोडा पॅलेडियम द्रवात उतरला, तर तो थेट औषधात जातो. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या औषधांतून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम शरीरात जाता कामा नये. त्यामुळे भुकटी गाळून काढल्यावर उरलेला द्रव तसाच तापवत ठेवतात. अभिक्रिया पुढे सरकत राहिली, तर उत्प्रेरक द्रवात उतरला आहे असे समजायचे.