लोणारच्या काठावर दगडांचे थर उलटे का?

पुसदच्या माळावर फिरताना पायाखाली येणारा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थरावर थर साचत गेला. त्यामुळे जुना थर खाली, नवा वर.

बुलढाण्यातल्या लोणारच्या काठावर मात्र काही ठिकाणी हा क्रम उलटा दिसतो. कारण उल्का आदळली तेव्हा खालचे थर उचकटून बाहेर उलथले. त्यातूनच भोवतालपेक्षा सुमारे २० मीटर उंच गोल काठ तयार झाला.

विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. म्हणजे काठाने पूर्ण फेरी मारायची तर सहाएक किलोमीटरची चाल.

चालताना दगड उचलून आणू नका. तो जागेवरून हलला की कुठला थर कुठे फेकला गेला, याचा पुरावाच जातो.