कांचनाची शेंग आणि चौथी मिती

बीदर-भालकीकडे कांचन ओळखीचा. त्याच्या चपट्या शेंगा वाळल्या की तडकन फुटतात, दोन्ही टरफलं उलटसुलट पीळ घेतात आणि बिया उडतात. मेलेल्या टरफलात हे बळ कुठलं? आत तंतूंचे दोन थर असतात, एकमेकांना काटकोनात. वाळताना प्रत्येक थर आपल्या तंतूंना आडवा आकसतो; या ओढाताणीत सपाट पट्टी पिळली जाते. २०११ मध्ये इस्रायली शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं गणित मांडलं.

तंतूंची हीच युक्ती थ्री-डी छपाईतही चालते; छापलेली वस्तू नंतर आपोआप आकार बदलते. एमआयटीच्या स्कायलर टिबिट्स यांनी २०१३ मध्ये अशा छपाईसाठी ‘फोर-डी प्रिंटिंग’ हे नाव गाजवलं. जरा भारदस्तच, कारण चौथी मिती म्हणजे निव्वळ वेळ. २०१६ मध्ये हार्वर्डच्या जेनिफर लुईस आणि एल. महादेवन यांच्या गटानं सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू मिसळलेलं हायड्रोजेल छापलं. यंत्राच्या तोटीतून निघताना तंतू छपाईच्या दिशेनं लागतात, म्हणून पाण्यात जेल त्यांना आडवं अधिक फुगतं. रेषा कुठून कशी फिरवायची, एवढंच आधी ठरवायचं; मग सपाट नक्षी पाण्यात वळत ऑर्किडसारखं फूल होते. मोटर नाही, बॅटरी नाही. उष्णतेनं आकार बदलणारी प्लास्टिकंही अशीच छापली जातात.