चाकणचा सुरुंग आणि पिंपरीचं पेनिसिलीन

माझा पुतण्या संगणकावर ‘सिव्हिलायझेशन’ हा जुना खेळ खेळतो. सिड मायरचा हा खेळ 1991 साली आला. त्यात शत्रूचं शहर जिंकलं, की त्याच्याकडची एखादी विद्या जिंकणाऱ्याला मिळते. ‘‘काका, लढाया झाल्या नसत्या तर माणूस पुढेच गेला नसता,’’ असं तो एकदा म्हणाला. मी भोसरीत लेथवर नोकरी केलेला माणूस. एका बाजूला चाकण, दुसऱ्या बाजूला पिंपरी. त्याचं म्हणणं इथेच तपासावं असं ठरवलं.

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. 1660 च्या पावसाळ्यात शायिस्ताखानाने त्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग उडवला आणि किल्ला पडला. खेळाच्या नियमाने इथे खानाला नवी विद्या मिळायला हवी होती. पण सुरुंगाची विद्या तो येतानाच घेऊन आला होता. नवं सुचलं ते हरलेल्यांना. एप्रिल 1663 मध्ये शिवाजी महाराज पुण्यात लाल महालात रात्री शिरले, तेव्हा हाताशी नवी तोफ नव्हती. होती ती अचूक माहिती, काळोख आणि मोजकी माणसं. अशा शहाणपणाला खेळाच्या तक्त्यात रकानाच नाही.

पुतण्याच्या बाजूचा भक्कम पुरावा पिंपरीत सापडतो. फ्लेमिंगला पेनिसिलीन 1928 मध्ये दिसलं, पण पुढची दहा-बारा वर्षं ते जवळजवळ पडूनच होतं. महायुद्ध पेटल्यावर ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांचं काम अमेरिकेत पोचलं. तिथल्या सरकारने कंपन्यांना एकत्र आणलं. मक्याचा स्टार्च काढताना उरणाऱ्या द्रावावर, मोठमोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवण्याची रीत बसवली गेली. 1944 मध्ये नॉर्मंडीत सैन्य उतरलं तेव्हा जखमींसाठी औषध तयार होतं.

म्हणजे युद्धाने काय दिलं? पैसा, घाई आणि एकाच कामाला जुंपलेली माणसं. मूळ शोध शांततेतलाच होता. तो आपल्यापर्यंत आला तोही कुणाचं शहर जिंकून नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलीन बनू लागलं.

खेळ रचणाऱ्याची अडचण मला कळते. दर डावाला खेळणाऱ्याच्या हाताला काही काम लागतं. प्रयोगशाळेतली दहा वर्षं पडद्यावर दाखवायची कशी? पण पुतण्याच्या वयाची मुलं तो नियमच इतिहास म्हणून घेऊन उठतात, याची मला काळजी वाटते.

म्हणून त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली. याच पिंपरीच्या कारखान्यात तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधलं. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यासाठी कुठलंही शहर पडावं लागलं नाही.