काळे तेल, मिथेनॉल आणि साबणाचा घोळ

पनवेल-उरण रस्त्यावरचे जासई म्हणजे न्हावा शेवा बंदराच्या वाटेवरचे गाव. ट्रेलरवाल्यांची वर्दळ असते तिथे खानावळी येतात, खानावळीत कढई असते आणि कढईत काळे पडलेले तेल उरते. डिझेलचा भाव पाहता, याच तेलावर आपला टेम्पो चालणार नाही का, हा सवाल पडणारच. आमचे उत्तर असे : बायोडिझेल होते; पण सारी मेख उत्प्रेरकात आहे.

मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवला की मिथॉक्साइड तयार होते. ते कोमट तेलात ढवळले की जड ग्लिसरीन तळाशी बसते आणि बायोडिझेल वर राहते. ताज्या तेलाला लिटरमागे साधारण २०० मिलिलिटर मिथेनॉल आणि साडेतीन ग्रॅम सोडा लागतो. तळणाच्या तेलात आम्ल वाढलेले असते. ते मोजून सोडा वाढवावा लागतो.

फसगत इथेच होते. सोडा मिथेनॉलमध्ये विरघळताना थोडे पाणीही तयार होते. शिवाय सोडा हवेतली ओल ओढतो आणि तेलात भजी-वड्यांचे पाणी उरलेले असते. पाणी शिरले की डिझेलऐवजी साबण होतो आणि माल वाया जातो. म्हणूनच बरेच मोठे कारखाने तयार सोडियम मिथॉक्साइड विकत घेतात. त्यात हे पाणी नसते.

जिवाचा धोका वेगळाच. २०१५ साली मुंबईत मालवणीच्या दारूकांडात शंभरावर माणसे गेली, ती मिथेनॉलनेच. त्याची वाफ चटकन पेटते, ज्योत उजेडात नीट दिसत नाही आणि ते कातडीतूनही अंगात जाते. अॅल्युमिनियमच्या भांड्यात सोडा घातला तर पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. मिथेनॉल बाळगायला परवानाही लागतो. हे मोरीत बसून करायचे काम नव्हे.

मग तेलाचे करायचे काय? जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेलेले तेल खाद्यात वापरण्यास मनाई केली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची ‘रुको’ योजना आली. तळणाला दिवसाकाठी ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांना मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवावी लागते.

आमचा सल्ला सरळ आहे. तेल गाळा, पाणी लागू न देता झाकणाच्या डब्यात ठेवा, अधिकृत संकलकाला विका आणि पावती घ्या. दोन पैसे जास्त देणाऱ्या अनोळखी माणसाला विकलेले तेल पुन्हा एखाद्या गाडीवरच्या कढईत जाऊ शकते, आणि तिथे खाणारी मुले आपलीच असतात.