धमन्यांमधली जुनी धग

सोनई गावात बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा वण दिसतो. लस क्षयासाठीची, पण ती रक्तातल्या मोनोसाइट पेशींनाही सावध राहायला शिकवते. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या या स्मृतीला संशोधक मिहाई नेतेआ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ म्हटलं.

हीच स्मृती बाधतेही. ऑक्सिडीकरण झालेलं एलडीएल कोलेस्टेरॉलही या पेशींना तसंच शिकवतं. मग त्या थोड्याशा कारणानेही भडकतात आणि धमनीच्या भिंतीतला दाह धुमसत राहतो. २०१८ च्या प्रयोगात चरबीयुक्त आहारावरचे उंदीर चार आठवडे साध्या आहारावर ठेवले. रक्तातला दाह ओसरला. पण अस्थिमज्जेतल्या पेशींची भडकण्याची सवय टिकली.

म्हणून कोलेस्टेरॉल वेळीच तपासा. पथ्य चार दिवसांचं नको, कायमचं हवं.