गाय गोठ्यातून का जाते? रक्त, गोठा आणि आपला निर्णय

एका घटनेमागे अनेक कारणं असतात. मग त्यातलं 'खरं' कारण कोणतं म्हणायचं? आज हा प्रश्न आपण एका साध्या उदाहरणावर घेऊ, दुधाच्या गाईवर. आपण बसलोय खराडीत, बाहेर आयटी पार्क आहे. पण आपल्या चहातलं दूध ज्या गोठ्यांतून येतं, तिथं हा प्रश्न रोज उभा असतो : ही गाय ठेवायची की काढायची?

नीट सांभाळलेली गाय वीस वर्षंही जगू शकते. पण व्यावसायिक गोठ्यांतली होल्स्टीन गाय सरासरी तीनएक वेतांतच बाहेर पडते. आता बघा, गाईचं दूध सर्वांत जास्त असतं ते तिसऱ्या ते पाचव्या वेतात. कालवड वाढवायचा खर्च तर पहिल्या एक-दोन वेतांत जेमतेम भरून निघतो. म्हणजे कमाईचे दिवस आले, की गाय निघाली!

ती जाते का? गाभण राहत नाही, पुन्हा पुन्हा उलटते. कासदाह होतो, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात. नाहीतर खुरं बिघडतात. दूध कमी म्हणून काढली तर तो मालकाचा निर्णय. ही बाकीची कारणं म्हणजे नाइलाज.

अशा वेळी गोठ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "गाय वाईट निघाली." म्हणजे दोष रक्ताचा. हे कितपत खरं आहे?

इथून फार लांब नाही, उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था उभी केली. होल्स्टीन आणि जर्सी वळूंचं रेतन तिनं शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार केली. या संकरानं दूध वाढलं, अनेक घरं उभी राहिली. रक्ताला महत्त्व आहेच, ते नाकारायचं कारण नाही.

पण आकडा पाहा. दुधाच्या बाबतीत गाईगाईंमधल्या फरकाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग आनुवंशिक असतो. गोठ्यात टिकण्याच्या बाबतीत मात्र तो दहा टक्क्यांच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. बाकी सगळं चारा, पाणी, ऊन, गोठ्याची जमीन, धार काढण्याची स्वच्छता आणि माज वेळेवर ओळखणारी नजर.

इथं एक घोटाळा टाळायला हवा. 'दहा टक्के' याचा अर्थ अमुक गाईचं आयुष्य दहा टक्के रक्तानं आणि नव्वद टक्के गोठ्यानं घडलं, असा नाही. हा आकडा एका गाईबद्दल बोलतच नाही. तो कळपातल्या फरकांबद्दल बोलतो. उद्या सगळे गोठे सारखेच चांगले झाले, तर गोठ्यांमुळे पडणारा फरक उरणार नाही आणि आनुवंशिकतेचा वाटा वाढलेला दिसेल. जनुकं मात्र तीच! रिचर्ड लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञानं १९७४ साली हीच गोष्ट नेमकेपणानं मांडली : फरकाची वाटणी म्हणजे कारणांची वाटणी नव्हे.

आणि दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. होल्स्टीनला पंचवीस अंशांच्या वर उन्हाचा ताण जाणवू लागतो. थंड देशात उत्तम ठरलेल्या वळूची मुलगी आपल्या वैशाखात, पत्र्याखाली, आखूड दाव्याला कशी टिकेल, हे तिकडचा आकडा सांगू शकत नाही.

मग निवड निरुपयोगी का? नाही. एका वळूच्या हजारो मुली असतात, त्यामुळे छोटा फरकही पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो. अमेरिकेत अनेक दशकं दुधावर भर देऊन निवड झाली आणि गाईंची गाभण राहण्याची क्षमता घसरली. शेवटी १९९४ साली तिथं वळूच्या मूल्यमापनात मुलींचं उत्पादक आयुष्य धरू लागले, २००३ साली मुलींची गाभण राहण्याची क्षमताही.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. १९७६ च्या कायद्यानं महाराष्ट्रात गाईची कत्तल बंद आहे. २०१५ साली ही बंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्यामुळे आपल्याकडे गाय 'काढणे' म्हणजे विकणे, पांजरपोळात देणे किंवा भाकड पोसत राहणे. बाजारात गेलेल्या गाईचं पुढं काय झालं, ते आधीच्या मालकाच्या वहीत येत नाही. गेल्याचं कारण लिहिलं नसेल, तर वळू निवडणाऱ्याला शिकायला काही उरत नाही. म्हणून वेताची तारीख, किती वेळा उलटली, दगडी कधी झाली आणि गाय का गेली, एवढं तरी प्रत्येक गोठ्यात लिहिलेलं असावं.

रक्त बदलायला पिढ्या लागतात. सावली, मोकळा मुक्त संचार गोठा, चोवीस तास पाणी, वर्षभराचा मुरघास हे पुढच्या हंगामाच्या आतही करता येतं. म्हणून "वाईट निघाली" म्हणण्याआधी आपण विचारायचं : याच गोठ्यातून याआधीच्या गाई कशानं गेल्या? तीन गाई एकाच दुखण्यानं गेल्या असतील, तर चौथी आणण्याआधी गोठ्याकडे बघायला हवं. आणि माणसांबद्दल बोलतानाही आपण 'रक्तातच आहे' असं किती सहज म्हणून जातो, तेही जरा आठवून पाहू.

आता प्रश्न घेऊ.